पोराच्या धंद्याला पैसे द्या, सातबारा नको

"ताई, नमस्कार. मी पलूस तालुक्यातला. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सव्वा एकर बागायत आहे. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १४ लाख बँकेत ठेवलेत. मुलगा २७ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. चाकणला चार वर्षं नोकरी केली, गेल्या वर्षी सोडून आला. मित्राच्या वर्कशॉपमध्ये त्यानं हळद शिजवायचं वाफेवरचं छोटं यंत्र बनवलंय. आता म्हणतो, स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय, ११ लाख लागतील, जमीन तारण ठेवा. मुलीचं लग्न व्हायचंय. गावात लोक विचारतात, पोरगं घरी का बसलंय? आमच्या घराण्यात कुणी धंदा केलेला नाही. नोकरी करणारा निदान घर चालवतो. धंदा करणारा बुडाला तर घराला घेऊन बुडतो आणि चालला तर स्वतःचे खिसे भरतो. त्यात समाजाचं काय भलं? नाही म्हटलं तर पोरगं बोलायचं बंद होईल, हो म्हटलं तर माझी झोप जाईल. काय करू? गेल्या हंगामात त्यानं सात जणांची हळद शिजवून दिली. हिशोब मुलीनं वहीत लिहिलाय, झेरॉक्स सोबत जोडतो. – एक वडील"

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि झेरॉक्स चारदा. मी २६ वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर बसले. चकचकीत फायली घेऊन येणारे पुष्कळ पाहिले. पाच वर्षांचा अंदाजी नफा छापून आणणारेही पाहिले. पण सात गिऱ्हाइकांची अशी वही घेऊन येणारे फार थोडे. म्हणून आधी वहीबद्दल बोलते, मग जमिनीबद्दल.

तुमच्या लेकीनं प्रत्येक ओळीत तारीख, गावाचं नाव, किती खेपा झाल्या, डिझेल किती लागलं, मजूर किती आणि पैसे आले की राहिले, हे सगळं टिपलंय. तिसऱ्या ओळीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, "गॅस्केट गेलं, दोन तास बंद, ४०० कमी घेतले." पाचव्या ओळीला, "पाऊस आला, ताडपत्री आपली दिली." या दोन ओळींवरून मला तुमचा मुलगा जेवढा कळला, तेवढा त्याच्या मार्कशीटवरून कळला नसता. आपलं यंत्र बिघडलं म्हणून गिऱ्हाइकाचे पैसे त्यानं स्वतःहून कमी केले. सातपैकी तिघांच्या नावापुढे "पुढच्या वर्षी पण" असं लिहिलंय. ती खरी मागणी.

आता आकडे. सात जणांचे मिळून ३८,४०० रुपये झाले, खर्च २१,७००. वहीप्रमाणे शिल्लक १६,७०० रुपये. पण दोघांचे ९,००० अजून यायचे आहेत, म्हणजे प्रत्यक्ष हातात आले ७,७००. "हळद विकली की देतो" असं त्या दोघांपुढे लिहिलंय. दादा, हे वाक्य आपल्या सांगली जिल्ह्यात किती लहान धंद्यांना महागात पडलंय, ते मी जवळून पाहिलंय. शेतकरी खोटं बोलत नसतो. तो हळद घरात ठेवून दराची वाट बघतो. मार्केट यार्डात सौदा मनासारखा निघाला तर दोन महिन्यांत पैसे येतात, नाहीतर पुढची लावण उजाडते. पण डिझेलवाला पंप तोवर थांबत नाही. शिवाय या हिशोबात पोराची स्वतःची मजुरी धरलेली नाही आणि यंत्राची झीजही नाही. ते धरलं तर गेल्या हंगामात त्याला काहीच सुटलेलं नाही. हे तुम्ही त्याला टोमणा म्हणून ऐकवू नका. शेजारी बसून, त्याच्याच हातानं, त्याच वहीत लिहायला लावा.

आता जमिनीचं.

फार वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्या टेबलासमोर बसले होते. मुलाला पत्र्याचे डबे करायचं युनिट टाकायचं होतं. त्यांनी दुधाच्या पिशवीत घडी करून आणलेला सातबारा काढला, टेबलावर ठेवला, हातानं दाबून सरळ केला आणि म्हणाले, "बाई, एवढंच आहे." कागदपत्रं नीट होती. शिफारशीखाली सही माझीच होती. दोन वर्षांत युनिट बंद पडलं, कारण त्याचं एकच मोठं गिऱ्हाईक होतं आणि त्यानं माल घेणं थांबवलं. वसुलीला गेले तेव्हा ते गृहस्थ अंगणात होते, पण माझ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. मुलगा पुढे नोकरीला लागला, सावरला. बापाची जमीन मात्र गेली. त्या दिवसापासून माझं मत ठाम आहे. मुलाच्या पहिल्या धंद्याला बापाची एकमेव जमीन लावायची नाही.

आणि ती लावायची गरजही नसते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. लहान उद्योगाला निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अशा कर्जांसाठी सरकारनं २००० सालापासून एक हमी निधी उभा केलाय. कर्ज बुडालं तर त्यातून बँकेला बराचसा भाग मिळतो. तरीही शाखेत "सातबारा आणा" असं म्हणणारं कुणीतरी भेटतं. तेव्हा भांडू नका. "हमी योजनेखाली प्रस्ताव घ्या, आणि घेणार नसाल तर कारण लेखी द्या," एवढं शांतपणे म्हणा.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या उत्पादन उद्योगाला सर्वसाधारण गटासाठी २५ टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचा वाटा, असं गणित राहिलंय. महिला, मागासवर्गीय आणि आणखी काही गटांना ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के वाटा. तुमच्या ११ लाखांच्या प्रकल्पाला हे लावून पाहा. स्वतःचे १ लाख १० हजार, बँकेचे ९ लाख ९० हजार, म्हणजे १० लाखांच्या आतच. अनुदानाचे २ लाख ७५ हजार तीन वर्षं ठेवीसारखे राहतात आणि मग कर्जात वळते होतात. जमिनीचा कागद कुठेच आला नाही. पण एक ध्यानात ठेवा. ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, आधीच चालू असलेल्या युनिटसाठी नाही. त्यामुळे पोरानं घाईघाईत कुठली नोंदणी किंवा दुसरं अनुदान घेण्याआधी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारावी आणि आजचे नियम विचारून यावेत.

एवढं सांगूनही मी म्हणेन, यंदा ११ लाख नकोत. एका यंत्रानं सात शेतं केली, त्यावर ११ लाखांचा पसारा उभा केला तर महिन्याचा हप्ता १५ ते २० हजारांच्या घरात जाईल. हळद शिजते जानेवारी ते मार्च, फार तर एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. उरलेले नऊ महिने हप्ता कुठून जाणार? हा प्रश्न तुम्ही त्याला विचारा आणि उत्तर द्यायला पंधरा दिवस द्या. मला एक उत्तर सुचतं ते सांगते, पण त्यानं स्वतः शोधलेलं जास्त चांगलं. बेदाण्याच्या शेडचं काम त्याला बाहेरून मोहात पाडेल, पण त्याचाही हंगाम हळदीच्याच सुमाराला येतो, दोन्ही अंगावर पडेल. कारखान्यांचं गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. त्याआधी पावसाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती निघते, हूक तुटलेले असतात, तळाचा पत्रा सडलेला असतो. वेल्डिंग येणाऱ्या माणसाला ते दिवस रिकामे जाऊ नयेत.

माझा हिशोब असा. तुमच्या १४ लाखांतले २ लाख त्याला द्या. परत आले नाहीत तरी तुमचं म्हातारपण आणि लेकीचं लग्न अडणार नाही, एवढीच ही रक्कम आहे. त्यात आणखी एक यंत्र करावं आणि पहिलं नीट करावं. दोन हंगाम यंत्रं विकायची नाहीत, भाड्यानं चालवायची. खेप संपली की पैसे, उधारी नाही. ज्याला उधारच हवी त्याच्याकडून निम्मे आधी. दुसऱ्या हंगामानंतरच्या पाडव्याला तुम्ही तिघांनी वही उघडून बसायचं. तोवर तुम्ही रोज विचारायचं नाही आणि त्यानं आणखी मागायचं नाही. वही चांगली निघाली तर बँकेत जायचं. दोन हंगामांची वही टेबलावर आली की समोरचा अधिकारी सरसावून बसतो, हे मी स्वतःच्या खुर्चीवरून सांगते.

आणि वही चांगली निघाली नाही तर? तर तो २९ वर्षांचा, हातात कसब असलेला, कुणाचं देणं नसलेला मुलगा असेल. नोकरी तेव्हाही मिळेल. लग्नाच्या बाजारात धंदेवाल्या मुलाला मुली सांगून येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तेवढ्यासाठी त्याला परत चाकणला धाडू नका.

आता तुमचा तो मोठा प्रश्न, समाजाचं काय भलं? तुम्ही तो वैतागून लिहिलाय, पण प्रश्न खरा आहे.

दादा, ३१ वर्षांत तुम्ही किर्लोस्करवाडीच्या गाडीवर ड्युटी केली असेलच. पहाटेच्या पाळीला जाणारी माणसं, मांडीवर डबा, डोळ्यांत झोप. तुम्ही त्यांची तिकिटं फाडलीत. ती गाडी भरत होती, कारण १९१० साली कुंडल रोड नावाच्या एका आडबाजूच्या स्टेशनाजवळ, निवडुंगानं भरलेल्या ओसाड माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडानं जमिनीला विष लागेल. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. किर्लोस्करांच्या जिद्दीची गोष्ट आपण सगळे सांगतो. मला मात्र औंधकरांची अर्धी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कुणीतरी माळ दिला आणि वाट पाहिली. तुमच्या घरात ते काम तुमच्याकडे आलंय. फक्त औंधकरांकडे संस्थान होतं, तुमच्याकडे सव्वा एकर आहे, म्हणून देण्याचं माप तुमचं तुम्ही ठरवायचं.

त्या वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशिव पाळायला बंदी केली होती. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्याला गावात कुणी उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, त्याच्या हाती कारखान्याची राखण. आणि तिथले नांगर नि ओगलेवाडीचे कंदील विकायला गावोगाव हिंडणाऱ्यांत भाऊराव पाटील होते. पुढे १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. नांगर आणि कंदील विकता विकता त्यांनी खेडी पाहिली, आणि तशाच खेड्यांत पुढे त्यांच्या शाळा उभ्या राहिल्या. कारखाना आणि शिक्षण संस्था, दोन्ही आपल्याच परिसरातली.

देशाच्या उत्पन्नात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा साधारण ३० टक्के धरला जातो. पण हा आकडा तुमच्या गावात कसा दिसेल ते सांगते. अर्धा एकर हळद असलेली बाई मोठ्या यंत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसते, कारण ते आधी पाच-पाच एकरवाल्यांकडे जातं. काढलेली हळद तोवर ढिगात पडून असते. तुमच्या मुलाचं यंत्र छोटं आहे म्हणूनच ते तिच्या बांधापर्यंत येतं. त्याच्याबरोबर दोन मजूर आहेत. त्यांची मजुरी संध्याकाळी गावातल्याच किराणा दुकानात जाते. गॅस्केट सांगलीजवळच्या कुपवाडच्या दुकानातून येतं. पैसा असा चार हातांतून फिरतो आणि तो गावातच राहतो.

उलट बाजूही बघा. आपल्या खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर गेली. फार कष्टानं त्यांनी नाव कमावलं, गावाकडची पोरं सोबत नेली, गावात बंगले, मंदिरं बांधली. मला त्यांचा अभिमान आहे. पण त्यांचं दुकान केरळात किंवा तमिळनाडूत, म्हणून संध्याकाळचा तो किराणाही तिकडचाच. पाणी नव्हतं, इलाज नव्हता. तुमच्या पोराला इलाज आहे, कृष्णेचं पाणी आहे, आणि तो चाकणहून परत आलाय. या गोष्टीची किंमत गावातल्या "घरी का बसलंय" विचारणाऱ्यांना कळत नसेल, तुम्हाला कळावी असं वाटतं.

तुमचा संशय मी पूर्ण खोडणार नाही. खिसे भरणारे धंदे असतात. बाजाराच्या दिवशी मजुराला हप्ता न देता "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणारे मालक मी पाहिलेत आणि त्यांच्या खात्यात पैसे असलेलेही पाहिलेत. म्हणून समाजाचं भलं धंद्यातून आपोआप होतं असं मी म्हणणार नाही. तो कोण चालवतो, त्यावर ते ठरतं. तुमच्या मुलानं ४०० रुपये कमी घेतले, हे मी म्हणूनच विसरत नाही. आता त्याला विचारा, मजुरांचा हिशोब त्याच दिवशी चुकता करतोस का? वहीत त्याचा वेगळा रकाना नाही, तो पाडायला सांगा.

वहीवरून आठवलं, आणि हे जरा स्पष्ट बोलते. अख्ख्या पत्रात लेकीचा उल्लेख दोनदा आलाय, एकदा लग्नाच्या खर्चासाठी आणि एकदा हिशोब लिहिणारी म्हणून. पण त्या यंत्राचा धंदा होतोय तो तिच्या वहीमुळे. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची माणदेशी बँक सुरू केली. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नाही, पण व्याज मोजता येतं, तुम्ही सांगा, आम्ही तोंडी करून दाखवतो. परवाना मिळाला. तुमच्या लेकीला तर लिहिताही येतं. उद्योग केंद्रात विचारून झालं की दोघांची भागीदारी करा, कागदावर, तिच्या नावाचा वाटा ठरवून. लग्न झालं तरी तो वाटा तिचाच राहील, असं त्यात लिहा. हिशोब तिच्याकडे असला की पोरगं भावनेच्या भरात उधारी देणार नाही, आणि तुम्हाला रोज विचारायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी हलक्यात घेणार नाही. हे वाफेचं काम आहे. ड्रम, दाब, आजूबाजूला घाईत असलेली माणसं, कधी खेळणारी पोरं. त्या यंत्राला दाबाचा काटा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का, व्हॉल्व्ह कुठल्या दाबाला उघडतो, टाकीचं वेल्डिंग कुणी तपासलंय, हे झेरॉक्समध्ये कुठे नाही. बाष्पकांचा, म्हणजे बॉयलरचा, कायदा या आकाराच्या टाकीला लागू होतो की नाही, हे बाष्पके संचालनालयाकडे लेखी विचारून घ्यायला सांगा. तुम्ही दिलेल्या २ लाखांतला पहिला खर्च हाच असू द्या. आणि जानेवारीत ते पहिल्यांदा कुणाच्या शेतावर पेटेल, त्या दिवशी गावात कुणी काही म्हणो, तुम्ही स्वतः तिथं जाऊन उभे राहा.

तुमची,
ताई